सांगलीत खाल्लेले चार गोल

सातारा, यादोगोपाळ पेठ,
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८७१

रा. रा. लालासाहेब, मुक्काम कलकत्ता, यांस नाथाजी मास्तराचा साष्टांग नमस्कार. (साडूला कोणी साष्टांग घालत नाही हे मी जाणतो. पण सध्या या गावात माझी मान ज्या उंचीला आली आहे, तिथून साष्टांगच सोपा पडतो.)

आधी तुमची प्रकृती. गेल्या पत्रात तुम्ही खोकल्याचं लिहिलं होतं. सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यात भट्टीचा धूर चुकत नाही हे खरं, तरी गरम दुधात हळद घालून घेत जावी. मनुबाईंना तिकडचं पाणी मानवलं का? त्यांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या चंद्राबाईचे, गुडघे यंदाच्या पावसानं धरले आहेत. उठताना-बसताना ती दर वेळी माझं नाव घेते. ते प्रेमानं नव्हे. माझे खालचे दोन दात पडले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कोणावर दात खायचा प्रसंगच येत नाही, त्यामुळे त्यांची गैरसोय अशी जाणवली नाही. बाकी सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढची हकीकत वाचून ते वाक्य तुम्हीच खोडावं.

तुमच्या कानावर आलंच असेल की एक ऑगस्टपासून आपल्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. तुमचं विटं दक्षिण साताऱ्यात गेलं, आमचं वडूज उत्तर साताऱ्यात राहिलं. चंद्राबाईनं मला विचारलं, की धाकटी बहीण आता परजिल्ह्यातली झाली तर तिला हळदीकुंकवाला बोलवायला मामलेदाराचा कागद लागतो का. मी नाही म्हणालो, तरी तिला पटलेलं नाही. तर जिल्हा तुटला पण मनं तुटली नाहीत हे दाखवण्यासाठी काहीतरी करावं, असं इकडच्या आणि तिकडच्या पुढाऱ्यांच्या मनात आलं, आणि सांगलीच्या व साताऱ्याच्या मंडळांचा फुटबॉलचा सामना ठरला. मनं तिथंच तुटली. पण ते क्रमानं सांगतो.

तुमच्या कलकत्त्यात फुटबॉलचं वेड जुनं. आमच्याकडे हा खेळ पलटणीतून आला. इजिप्त, इटली, ब्रह्मदेश करून आलेल्या आपल्या पोरांनी लढाईतून काय आणलं म्हणाल, तर चहात साखर जास्त घालायची सवय आणि फुटबॉल. त्यांनी 'विजयी वीर मंडळ' काढलं. मी निवृत्त होऊन नुकताच रिकामा झालो होतो. राजवाड्याजवळच्या चहाच्या हॉटेलाबाहेर एक फळा असे आणि मालक त्यावर 'मिसळ, भजी' अशा अक्षरात लिही, की माझ्यासारख्या तीस वर्षं पाट्या तपासलेल्या माणसाला तिकडून जाववत नसे. शेवटी मीच रोज लिहून देऊ लागलो. भज्यांच्या खाली वीतभर जागा उरायची. ती रिकामी सोडणं जिवावर येई, म्हणून तिथं मी येत्या रविवारच्या सामन्याचा अंदाज लिहू लागलो. सगळ्या उपद्व्यापाचं मूळ ती वीतभर जागा.

अंदाज मी उगीच लिहीत नसे. शनिवारी कोण काय जेवला, कोणाच्या बुटाचा तळ सुटला आहे, कोणाची बायको माहेरी गेली आहे (ती गेली की खेळाडू पळतो बरा, पण दुसऱ्या अर्ध्यात दमतो), वारा यवतेश्वराकडून आहे की माहुलीकडून, हे सगळं पाहून मी आकडा काढी. लालासाहेब, असे अकरा अंदाज मी लिहिले आणि अकराही चुकले. माणसाचे अकरापैकी तीन-चार तरी आंधळेपणानं बरोबर यावेत! माझे एकूण एक चुकले. मग लोकांनी माझा उपयोग शोधून काढला. मास्तरांनी आपली बाजू हरणार म्हणून लिहिलं, की मंडळी निर्धास्त घरी जाऊन झोपत.

म्हणूनच सांगलीच्या सामन्याआधी मंडळाचे सचिव नानासो माझ्याकडे आले. नानासो वकील आहेत. साधं पाणी मागायचं तरी ते आधी दोन्ही बाजू मांडतात. बराच वेळ स्वराज्य, जिल्ह्याची इभ्रत वगैरे बोलून झाल्यावर त्यांनी हात जोडले. "मास्तर, यंदा तुमी आमाला हरवाच. चांगलं सनसनीत हरवा."

अपमान तर झालाच होता, पण इभ्रतीपुढे माझा अपमान तो काय? मी फळ्यावर लिहिलं : सांगली ४, सातारा ०. चारच का, असं पुढे चौकशीत मला विचारण्यात आलं. खरं कारण असं की मराठी आकड्यांत माझा चार सगळ्यात सुबक निघतो. हे उत्तर कोणालाही पुरेसं वाटलं नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहितो आहे त्या माणसाची ओळख करून देतो. जोतिबा हा आमचा गोलकीपर. वडूजच्या पलीकडे दोन कोसांवर त्याचं गाव. सहा फूट उंच, पलटणीत नाईक होता, ब्रह्मदेशात लढला. बाकीची पोरं हौसेनं खेळत. जोतिबा एकटाच धंदेवाईक. मंडळाच्या एका आश्रयदात्याच्या तेलाच्या गिरणीवर त्याला पहारेकऱ्याची नोकरी होती आणि रोज अर्धा शेर दूध. दोन्ही अशा अटीवर की रविवारी त्यानं गोलात उभं राहायचं. बायको भामाबाई आणि दोन लहान मुली त्या नोकरीवर गिरणीच्याच एका खोलीत राहत. त्यानं दोन वर्षांत खाल्लेले गोल हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. त्याची उभं राहायची तऱ्हा मात्र और होती. तो चेंडूकडे बघतच नसे. मान किंचित तिरकी, कीर्तनाला बसल्यासारखी, आणि चेंडूला लाथ बसल्याचा आवाज झाला रे झाला की हा त्या बाजूला झेपावलेला असायचा. आम्हाला वाटे, ही पलटणीतली रीत असणार.

दुसरी गोष्ट, तो उर्मट म्हणून प्रसिद्ध होता. ओळखीच्या माणसाला रस्त्यात ओलांडून जाई. गेल्या वर्षी बक्षीस समारंभात कलेक्टरसाहेबांना हार घालायला त्याला पुढे केलं, तर त्यानं हार शेजारी उभ्या असलेल्या पट्टेवाल्याच्या गळ्यात घातला. काहींनी ते स्वराज्याचं लक्षण मानलं आणि टाळ्या वाजवल्या. कलेक्टरसाहेबांनी वाजवल्या नाहीत.

असो. सामन्याला आम्ही लॉरीनं सांगलीला गेलो. सांगलीच्या मंडळाचे सचिव धन्यकुमार म्हणून हळदीचे व्यापारी आहेत. इतका अगत्यशील माणूस मी पाहिला नाही, आणि आमचं वाटोळं जर कोणी केलं असेल तर त्यांच्या अगत्यानं. उतरल्या उतरल्या गूळ-शेंगदाणे, मग पोहे, मग खेळाडूंच्या पायांना लावायला गरम तेल. शिवाय पाहुण्यांच्या मानासाठी त्यांनी लग्नात वाजवतात तसला पितळी बँड आणला होता, आणि तो मान पाहुण्यांना अगदी जवळून मिळावा म्हणून आमच्या गोलाच्या मागे बसवला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तेव्हा बँडवाल्यांनी आपले ढोल-कर्णे उचलले आणि चिखल तुडवत ते पुन्हा आमच्याच गोलामागे येऊन बसले. धन्यकुमारांनी छत्री धरून त्यांना जातीनं पोचवलं.

गोल कसे झाले ते मी तुम्हाला सांगणार नव्हतो, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिल्याला चेंडू डावीकडून आला आणि जोतिबा उजवीकडे झेपावला. झेप सुरेख होती, सांगलीकरांनीसुद्धा वाखाणली. दुसऱ्या वेळी चेंडू त्याच्यापासून चार हातांवर काळ्या चिखलात रुतून थांबला, आणि हा शेजारच्या एका ढेकळावर पडून त्याला पोटाशी धरून बसला. सांगलीचा गडी चालत आला आणि त्यानं चेंडू आत ढकलला. तिसऱ्याला जोतिबा पुढे धावला आणि त्यानं वाऱ्याला लाथ मारली. चौथा मात्र कोणालाच सहन होण्यासारखा नव्हता. पंचानं कसलीशी शिट्टी वाजवली, ती जोतिबाला सामना संपल्याची वाटली. त्यानं अंगातला सदरा काढला आणि तो पिळत उभा राहिला, तोवर मागून चेंडू गेला. बँडनं त्या वेळी 'पाहुण्यांचं स्वागत' म्हणून नवं गाणं धरलं होतं.

सांगली चार, सातारा शून्य. माझा आयुष्यातला पहिला बरोबर अंदाज. मला एक क्षण आनंद झाला, लालासाहेब; खोटं कशाला बोलू? दुसऱ्या क्षणी वळून पाहिलं, तर आमच्या लॉरीतली सगळी माणसं मैदानाकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती.

आम्ही परतीची वाट धरली. कऱ्हाडला चहासाठी थांबलो, तेव्हा माझ्या हातात कोणी कप दिला नाही. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा फळा मालकानं स्वतःच लिहिलेला दिसला. 'मिसळ'मधली वेलांटी चुकलेली होती आणि ती सांगायची माझी हिंमत झाली नाही. गावात एकच बोलणं : जोतिबानं सामना विकला, आणि मास्तराला ते आधीपासून ठाऊक होतं. नाहीतर बारावा नेमका आकड्यासकट कसा खरा ठरला? किराणावाला मला वाटाणे देताना म्हणाला, "मास्तर, किती गोलांचं द्यू?"

आपल्या जिल्ह्याला बेचाळीसच्या चळवळीत गावोगाव न्यायमंडळं बसली तेव्हापासून न्यायनिवाड्याची सवय लागली आहे. कुठं काही झालं की पाच माणसं बसवल्याशिवाय गावाला अन्न गोड लागत नाही. नानासोंनी चौकशी समिती नेमली. पहिल्या सभेत ते म्हणाले, की संस्थानं गेली, साहेब गेला, आता जो पोटासाठी खेळतो त्यालाही जनतेला जाब द्यावा लागेल. पाच सभासदांत त्यांनी माझंही नाव घातलं. मला वाटलं, विश्वास दाखवला. चंद्राबाई म्हणाली, "विश्वास कसला? तुमी डोळ्यासमोर असावं म्हनून बसवलंय."

पुरावा तर दर दिवशी वाढत होता. सगळ्यात वाईट पुरावा असा की सामन्याआधी जोतिबा धन्यकुमारांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलताना दहा जणांनी पाहिला होता. समितीनं सांगलीला पत्र घातलं. धन्यकुमार सरळ माणूस. साक्ष द्यायला स्वतः गाडीनं आले, येताना हळदीची पुडी प्रत्येकाला. त्यांनी सांगितलं, की होय, जोतिबानं आपल्याला हाताला धरून नेलं आणि सातारकरांचा कोण गडी कुठून चाल करणार, कोणाचा गुडघा दुखतो, हे सगळं समजावलं. "मला वाटलं, सातारकरांचं मन मोठं," ते म्हणाले. मग त्यांनी पाणी मागितलं.

समितीची शेवटची बैठक रविवारी होती. शनिवारी दुपारी जोतिबा माझ्या घरी आला. मी खिडकीपाशी चटईवर बसलो होतो. समोरच्या खुंटीवर माझा कोट होता आणि वर डोक्याचा रुमाल टांगलेला. जोतिबा आत आला, त्यानं कोटाला वाकून रामराम घातला आणि कोटाशी बोलू लागला. "गुरुजी, तुमच्यावरबी बालंट आलं, माझ्यापायी. मला लय वंगाळ वाटतंय बगा." मी चिडून गप्प बसलो. म्हटलं, एवढं करून वर आमची थट्टा करायला आला! कोट काही बोलेना तेव्हा जोतिबानं पुन्हा हात जोडले. "रागावलासा व्हय?"

चंद्राबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. ती पुढे झाली, त्याच्या दंडाला धरून तिनं त्याला माझ्या बाजूला वळवलं आणि खाली बसवलं. मग मला म्हणाली, "आवं, ह्येला दिसत न्हाई."

जोतिबानं हातानं चटईची कड चाचपली. मग सगळं सांगितलं. ब्रह्मदेशात जवळ गोळा फुटला होता. तेव्हा आठ दिवस अंधार, मग दिसू लागलं, म्हणून पलटणीनं बरा झाला असं लिहिलं. घरी आल्यावर हळूहळू धुकं चढत गेलं. आता चार-पाच हातांपलीकडे माणूस म्हणजे नुसती सावली, आणि जवळ आला तरी चेहरा नाही. खेळत होता तो कानावर. चेंडूला बूट कुठं लागला, गडी कुठून धावतो, आमचा बॅक कुठून ओरडतो, ते सगळं त्याला ऐकू येई. आणि चेंडू अगदी अंगावर आला की दिसे. सांगलीत बँडनं कान गेले. धन्यकुमार आणि नानासो दोघंही ठेंगणे, दोघांचीही टोपी पांढरी. ज्याला हाताला धरून त्यानं आमचे सगळे डाव सांगितले, तो त्याच्या समजुतीनं आमचा सचिव होता. गड्यांची दुखणी-खुपणी त्याच्या कानावर घालावीत एवढाच हेतू. पट्टेवाल्याच्या गळ्यातला हारही मला त्याच क्षणी उलगडला. आणि लालासाहेब, अशा माणसाला आम्ही दोन वर्षं तेलाच्या गिरणीवर पहाऱ्याला ठेवलं होतं. चोरी एकही झाली नाही, हे त्याचं नशीब की चोरांचं, सांगता येत नाही.

मी उभाच राहिलो. म्हटलं, जोतिबा, उद्या समितीपुढे मी हे सांगतो, दोघंही सुटतो.

"न्हाई गुरुजी," तो म्हणाला. "बेइमान म्हना. आंधळा म्हनू नगा."

मी म्हणालो, अरे, हे काय बोलतोस?

"बेइमान गोलकीपरला वरीसभर घरी बसवत्यात. मंग कुठलं तरी दुसरं मंडळ बोलावतं. म्हनतंय, गडी बेरका हाय, पर हात चांगलं हाईत. आंधळ्याला कोन बोलावतंय? भामीला आन् पोरींना घिऊन कुठं जाऊ मी?" मग अगदी विश्वासानं त्यानं विचारलं, "तुमचा अंदाज काय, गुरुजी? किती वरीस देतील?"

त्या दिवसांत सबंध गावात माझा अंदाज कोणी विचारत नव्हतं. मी डोळे मिटले, समितीतल्या एकेकाचा स्वभाव, नानासोंची वकिली, जोतिबाची लढाईवरची नोकरी, सगळं मनात धरलं आणि सांगितलं, "एक. फार तर एक."

त्यानं मान हलवली. चंद्राबाईनं त्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. कुठं काय वाढलं आहे ते ती सांगत होती, आणि तो जेवत होता. माझ्या जेवणाचं त्या दिवशी कोणी विचारलं नाही, आणि ते योग्यच झालं.

रविवारची बैठक शाळेत भरली; माझाच जुना वर्ग. पाच थोर माणसं पोरांच्या बाकांत गुडघे मुडपून बसली होती. नानासोंनी पाऊण तास भाषण केलं. सामना हरणं हा गुन्हा नाही, असं ते तीनदा म्हणाले, त्यावरून तो गुन्हाच आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी जोतिबाला विचारलं, की आरोप कबूल आहे का. जोतिबा म्हणाला, "व्हय." का केलंस, असं विचारलं. तर म्हणाला, "झालं खरं." कोणी दिलं, किती दिलं, या प्रश्नांना तो हसला, समितीला ते निगरगट्टपणाचं हसू वाटलं. (त्याला उत्तरच माहीत नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असं होतं. कबुली देतो आणि पुढचा तपशील जुळवून ठेवायचा विसरतो.)

आणि ठराव झाला. एक वर्ष नव्हे, लालासाहेब. जन्मभर. कुठल्याही मंडळानं या माणसाला उभं करू नये म्हणून ठरावाच्या छापील प्रती कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत धाडायच्या. गिरणीची नोकरी आजपासून बंद. खोली आठ दिवसांत रिकामी करावी. नानासो उभे राहिले. स्वराज्यात पहिल्यांदा आपण एका खेळाडूला जाब विचारला, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. ते मनापासून पुसले, याबद्दल मला शंका नाही.

त्या क्षणी मी सगळं सांगून टाकायला उठलो. उठलोच होतो, पण जोतिबा माझ्या बाकाशेजारी उभा होता, त्यानं चाचपून माझा खांदा धरला आणि मला खाली दाबलं. त्याचं मन मोडणं मला शक्य झालं नाही. सभा उठल्यावर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आला. लोक दोन्ही बाजूंना सरून वाट देत होते. कोणी थुंकलं. फाटकाबाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "गुरुजी, अंदाज जरा चुकला."

'जरा' म्हणाला, लालासाहेब. त्या एका शब्दापायी मला त्या दिवसापासून अन्न जात नाही.

सामन्याचे अंदाज मी सोडले आहेत. गाव माझ्याशी पुन्हा बोलू लागलं आहे. किराणावाल्यानं परवा मापापेक्षा मूठभर वाटाणे जास्त घातले. हॉटेलचा मालक फळा लिहायला बोलावून गेला, मी अजून गेलो नाही. इकडे पाऊस उघडला आहे. मनुबाईंस आशीर्वाद, मुलांस गोड पापे. खोकल्याची हयगय करू नये. इतकं लांब पत्र वाचल्याबद्दल तुमचे उपकार. ते फेडायची ऐपत नाही, म्हणून नुसते मानतो.

तुमचा,
नाथाजी

ता. क. : तुमच्या भट्टीचा भाता ओढायला माणूस टिकत नाही, असं मनुबाईंनी चंद्राबाईला लिहिलं होतं. भाता ओढायला काय लागतं? दंड लागतात, आणि विस्तव कसा बोलतो ते ऐकायला कान लागतात. डोळे तिथं धुरानं नाहीतरी मिटलेलेच असतात. माझ्या पाहण्यात एक माणूस आहे. तो कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. खोटं त्याला बोलता येत नाही, हे तुमच्या धंद्यात सोन्याहून महाग पडावं.

ता. क. दुसरा : वर 'ठराव झाला' असं मी लिहिलं, जणू पाऊस झाला. तो कसा झाला ते लिहिलं नाही. दोघं म्हणाले, दोषी. दोघं म्हणाले, लढाईवरचा माणूस आहे, सोडून द्या. पाचवं मत माझं होतं. मी 'दोषी' म्हणालो. जोतिबाच्याच इच्छेखातर म्हणालो, असं मी चंद्राबाईला सांगितलं आहे. पण 'सोडा' म्हणालो असतो तर गावानं म्हटलं असतं, मास्तरही त्यात होता. मत देताना माझ्या मनात जोतिबा आधी आला की गाव, हे मला नक्की ठाऊक आहे, आणि ते मी तुम्हाला लिहिणार नाही. पुढे शिक्षेचं मत मागितलं, तेव्हा मी बोललोच नाही.

ता. क. तिसरा : मी उठलो होतो, असं वर लिहिलं आहे. मी उठलो नव्हतो. जोतिबानं खांदा धरला तो मला दाबायला नव्हे. त्याला दार कुठं आहे ते कळत नव्हतं.

ता. क. चौथा : हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. विट्याची दोन गलाईवाली माणसं कलकत्त्याला परत येत आहेत, त्यांच्या सोबतीनं ते धाडलं आहे, आणि ज्याच्या खिशात ते होतं तोच आता तुमच्या दारात उभा असेल. भामाबाई आणि मुली सध्या आमच्याकडे आहेत. मुलींनी चंद्राबाईचे गुडघे बरे केले आहेत. पत्रात काय आहे ते त्याला माहीत नाही, तेव्हा मोठ्यानं वाचू नका. तो तुमच्याऐवजी तुमच्या शेजारच्या भिंतीला रामराम घालील. रागावू नका, तुम्ही उत्तर द्या म्हणजे तो वळेल. तुमच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत म्हणे. त्याला आत बोलवा, आणि तीन आहेत असं सांगा.